सीमाभागातील शाळांत तंत्रशिक्षण नेणाऱ्या महाविद्यालयांनी या चुका टाळाव्यात

बेळगावात शिक्षणसंस्थांची वानवा नाही. १९१६ मध्ये स्थापन झालेली केएलई संस्था, १९९८ पासून येथे मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, २०१० मध्ये सुरू झालेले राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि उद्यमबागेतील गोगटे इन्स्टिट्यूटसारखी अभियांत्रिकी महाविद्यालये हाकेच्या अंतरावर असल्यामुळे, दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून खानापूर, निपाणी किंवा बेळगाव ग्रामीणमधील मराठी माध्यमाच्या शाळांत संगणक आणि विज्ञानाचे कार्यक्रम सुरू करणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. अशा कार्यक्रमांत काही वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की ते पैशांअभावी क्वचितच बंद पडतात. शाळेत रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षकांना न विचारता आखले जातात, म्हणून बंद पडतात. पुढील चुकांपैकी निम्म्या तरी आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

भाषा आणि लिपी गृहीत धरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, घाटाजवळच्या एका शाळेत आम्ही सातवीच्या मुलांना गावाविषयी चार ओळी संगणकावर लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलीने वहीत ‘गावाच्या खाली खोल दऱ्या आहेत’ असे लिहिले होते, परंतु पडद्यावर ‘खोल दर्या आहेत’ असे उमटत होते. तिने तो शब्द तीनदा खोडला, पुन्हा लिहिला आणि शेवटी हळूच म्हणाली, “सर, माझंच काहीतरी चुकतंय.” तिचे काहीच चुकत नव्हते. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला होता तो आमच्यामुळे, कारण मराठीतला हा ‘ऱ्य’ कसा काढायचा हे आम्ही तिला शिकवलेच नव्हते. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट या प्रमाणित कळफलकावर नुसती ‘जे’ची कळ दाबली की साधा ‘र’ येतो आणि पुढे हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) व ‘य’ जोडल्यावर ‘र्य’ तयार होतो. ‘ऱ्य’ हवा असेल तर शिफ्टसह ‘जे’, मग हलन्तासाठी ‘डी’ आणि त्यानंतर ‘य’ची कळ दाबावी लागते. हा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे, पण तो माहीत नसेल तर मूल आपल्या भाषेलाच दोष देऊ लागते, आणि ते पाहवत नाही.

रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची पद्धत सोपी वाटते म्हणून अनेक महाविद्यालये तीच शिकवतात. सीमाभागासाठी मात्र मी इन्स्क्रिप्टचाच आग्रह धरेन. भारतीय लिप्यांसाठी त्याची रचना समान आहे: ज्या कळीवर मराठीचा ‘क’ आहे त्याच कळीवर कन्नडचाही ‘क’ आहे. मराठी माध्यमाची मुले कन्नड हा विषय शिकतातच. त्यामुळे एकदा बोटे बसली की दोन्ही भाषांत लिहिता येते. याशिवाय श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये किंवा कन्नडसाठी नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये तयार केलेल्या फाइली शाळेच्या संगणकावर उघडल्यावर निरर्थक चिन्हे दिसतात, अशी तक्रार हमखास येते. संगणक बिघडलेला नसतो, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या समान अक्षरसंकेतात, नसतो. शाळेत नेण्यापूर्वी तो रूपांतरित करून घ्यावा.

शिकवणाऱ्या गटात मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारा एक तरी विद्यार्थी असावाच. मुलांना प्रश्न पडत नाहीत असे ज्या तासांत वाटते, त्यांतील बहुतेक तासांत मुलांना प्रश्न विचारायला भाषा सापडत नसते. साहित्य नव्याने तयार करण्याचा खटाटोपही बहुधा अनावश्यक असतो. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत उपलब्ध आहेत आणि ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय दाखवता येतात.

वेळापत्रक महाविद्यालयाच्या सोयीने आखणे

कर्नाटकातील शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी भरतात आणि त्यांची मधली सुट्टी दसऱ्याच्या सुमारास येते. महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि त्यांना मोठी सुट्टी दिवाळीत मिळते. सीमेवरच्या शिनोळीपासून महाराष्ट्रातील चंदगड तालुका सुरू होतो, आणि तेथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंची महाविद्यालये एकत्र आली, तर करारावर सह्या करण्यापूर्वी शाळांची आणि महाविद्यालयांची सगळी वेळापत्रके एका कागदावर मांडावीत. जुलैमध्ये खानापूरच्या पश्चिम भागात मुसळधार पाऊस असतो आणि त्याच दिवसांत भाताची रोपलावणी चालते. जानेवारीनंतर दहावीचे वर्ग परीक्षेच्या तयारीत असतात. हे सगळे वजा जाता मोकळे आठवडे फार थोडे उरतात, आणि ते कोणते हे मुख्याध्यापकांनाच अचूक ठाऊक असते.

परवानगीबाबतही घोटाळा होतो. महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याच्या दृष्टीने बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन स्वतंत्र शैक्षणिक जिल्हे आहेत. खानापूरसाठी मिळालेले पत्र निपाणीत चालत नाही, कारण निपाणी चिक्कोडीत मोडते. दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण उपनिर्देशकांकडे वेगवेगळे अर्ज करावेत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना व शाळेच्या एसडीएमसीलाही (शाळा विकास व देखरेख समितीला) प्रत द्यावी.

यंत्रे देऊन मोकळे होणे

एका शाळेला आमच्या गटाने मार्चमध्ये संगणक दिले आणि जूनमध्ये गेलो तेव्हा एकही यूपीएस दोन मिनिटेसुद्धा तग धरत नव्हता. उन्हाळी सुट्टीत मुख्य बटण बंद होते. बॅटऱ्या आधीच अर्धवट उतरलेल्या होत्या, त्या तशाच पडून राहिल्या आणि निकामी झाल्या. सुट्टीपूर्वी बॅटरी पूर्ण भरून तिच्या तारा काढून ठेवाव्यात आणि महिन्याने एकदा पुन्हा भरावी, एवढे सांगायचे राहून गेले होते. पावसाळ्यात उलटी काळजी घ्यावी लागते: घाटाजवळच्या दमट हवेत यंत्रे आठवड्यातून दोनदा तासभर तरी चालू ठेवावीत, भिंतीपासून हातभर दूर मांडावीत आणि बंद असताना प्लास्टिकऐवजी सुती कापडाने झाकावीत. संगणकाच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो तत्काळ बंद करून आधी अर्थिंग तपासून घ्यावे; यात चालढकल नको.

सामंजस्य करारात उद्घाटनाचा तपशील असतो, पण तिसऱ्या वर्षी नवी बॅटरी कोणते महाविद्यालय घेईल, हे नसते. शाळेकडून तक्रार आली की प्रत्येक महाविद्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. दुरुस्ती एका महाविद्यालयाकडे, अध्यापन दुसऱ्याकडे आणि शिक्षकांचे प्रशिक्षण तिसऱ्याकडे, अशी लेखी वाटणी करावी.

गुणांसाठी आलेले विद्यार्थी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) योजनेनुसार पदवीच्या काळात १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट मिळवावे लागतात, आणि शाळेतील काम त्यात मोजले जाते. योजना चांगली आहे, परंतु दर शनिवारी नवा गट येऊन पुन्हा माउस कसा धरावा येथूनच सुरुवात करतो, तेव्हा मुले कंटाळतात. एका गटाला किमान एक पूर्ण सत्र एकाच शाळेशी बांधावे आणि मागच्या तासाला काय झाले हे लिहिलेली वही शाळेतच ठेवावी.

त्या वहीच्या पहिल्या पानावर संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे आहे आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरी किल्ली कोठे मिळेल, हे लिहावे. मुख्याध्यापकांची बदली झाली त्या वर्षी एक कक्ष जवळजवळ चार महिने कुलपात राहिला होता, आणि आत संगणक व्यवस्थित चालू स्थितीत होते.