उंचावरील रेल्वे स्थानकाचा इतिहास कसा शोधावा : सँडहर्स्ट रोडचे उदाहरण

कोल्हापुरात गडकोट, वीरगळ आणि ताम्रपट यांचा हौसेने अभ्यास करणारी मंडळी पुष्कळ आहेत; रेल्वे स्थानकाकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून फारसे कोणी पाहत नाही, आणि ही उणीव भरून निघावी असे मला मनापासून वाटते. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठणाऱ्या अभ्यासकासाठी सँडहर्स्ट रोड हे उत्तम उदाहरण आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोकलने हे दुसरेच स्थानक. येथे मुख्य मार्गाचे फलाट खाली, तर हार्बर मार्गाचे फलाट वरच्या मजल्यावर लोखंडी खांबांवर उभे आहेत.

प्रारंभ उद्घाटनाच्या तारखेपासून करू नये. उंचावरील स्थानकाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की रूळ कशाला ओलांडण्यासाठी वर चढले? याचे उत्तर प्रत्यक्ष प्रवासात मिळते. टर्मिनसवर हार्बरचे १ आणि २ क्रमांकाचे फलाट पश्चिमेच्या टोकाला आहेत. पण डॉकयार्ड रोड आणि रे रोड ही हार्बरची स्थानके मुख्य मार्गाच्या पूर्वेला, बंदराच्या अंगाला आहेत. म्हणजे हार्बरच्या रुळांना मुख्य मार्ग कुठेतरी ओलांडणे भाग होते. हार्बर लोकलमध्ये उजवीकडची खिडकी धरून बसावे. मशीद स्थानक सुटल्यावर आपली गाडी चढू लागते आणि शेजारून धावणारा मुख्य मार्ग हळूहळू खाली राहतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की पुढे हाती येणारा प्रत्येक नकाशा आणि कागद समजणे सोपे जाते.

त्यानंतर खाली उतरून खांब वाचावेत. सँडहर्स्ट रोडच्या खांबांवर जी.आय.पी.आर. ही ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची आद्याक्षरे, १९२१ हे साल आणि ग्लासगो या गावाचे नाव उठावात आहे. रंगाच्या थरांमुळे अशी अक्षरे बुजतात. समोरून न दिसल्यास विजेरीचा उजेड बाजूने तिरका टाकावा, म्हणजे सावलीमुळे कडा स्पष्ट होतात. छायाचित्रे काढण्यापूर्वी स्टेशन मास्तरांची परवानगी घ्यावी. मजकूर जसा आहे तसाच, ओळी न बदलता वहीत उतरवावा आणि तो कोणत्या खांबावर होता तेही लिहावे.

येथे एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागते. खांबावरील साल हे लोखंडाचे साल असते. ते गाडी सुरू झाल्याचे साल असेलच असे नाही. कुर्ला ते रे रोड हा हार्बरचा भाग १९१० मध्ये सुरू झाला होता, आणि भारतातील पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) याच उंच मार्गाने कुर्ल्याला गेली. १९२१ आणि १९२५ ही दोन साले एकमेकांत मिसळू देऊ नयेत. आपल्या कोल्हापूर–मिरज मार्गाचेही तसेच आहे : शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा प्रारंभ १८८८ मध्ये झाला, तर वाहतूक १८९१ मध्ये सुरू झाली, तरीही लेखांमधून ही साले सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली आढळतात.

कागदपत्रांचे काम मुंबईला जाण्यापूर्वी कोल्हापुरातच सुरू करता येते. १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय येथे जुन्या गॅझेटिअरांची, म्हणजे एखाद्या प्रदेशाची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांची, चौकशी करावी. मुंबई शहराचे गॅझेटिअर १९०९–१० मधील असल्यामुळे त्यात वरचे स्थानक सापडणार नाही; पण तेवढ्यावरून ते बाजूला सारू नये. १८९६ ची प्लेगची साथ, त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि दाट वस्तीतून त्याने काढलेले रुंद रस्ते यांची माहिती नसेल, तर रेल्वेला या भागात किती अडचणीची जागा मिळाली होती याचा अंदाजच येत नाही. मूळ पत्रव्यवहारासाठी पुढे मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेले राज्य पुराभिलेखागार गाठावे.

शोध घेताना जुनी नावे हाताशी असू द्यावीत. १८९५ ते १९०० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सँडहर्स्ट यांचे नाव ज्या रस्त्याला होते, तो आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे. स्थानकाला डोंगरी हे नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. जी.आय.पी. रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये बदलले आणि त्यात 'महाराज' हा शब्द २०१७ मध्ये आला.

लेखन करताना प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहावा : खांब, नकाशा, गॅझेटिअर की कोणाची आठवण. जेथे आपण केवळ तर्क केला आहे, तेथे 'असावे' हे क्रियापद वापरावे आणि पुरावा हाती येईपर्यंत त्याचे 'आहे' करू नये.