मायक्रोफ्लुइडिक चिपसाठी पॉलिमर कसा निवडावा आणि कसा जोडावा

मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे केसाएवढ्या बारीक वाहिन्यांतून द्रव नेणारी छोटी पट्टी. तिच्यासाठी पॉलिमर निवडताना पहिला प्रश्न एकच: वाहिनीतून काय वाहणार आहे? बनवायला सोपे म्हणून पीडीएमएस (रबरासारखे लवचीक, पारदर्शक सिलिकोन) घेतले आणि त्यातून टोल्युइन, हेक्सेन किंवा क्लोरोफॉर्म सोडले, तर ते फुगते आणि वाहिन्या मिटतात. पेशी वाढवायच्या असतील तर मात्र पीडीएमएस उत्तम, कारण त्यातून ऑक्सिजन आरपार जातो. औषधांच्या चाचणीत तेच घात करते. पाण्यात कमी विरघळणारे लहान रेणू ते शोषून घेते आणि मोजलेली मात्रा गुपचूप चुकते. अशा कामाला सीओसी किंवा सीओपी (काचेसारखी पारदर्शक, कडक प्लास्टिके) घ्या. यांची स्वतःची चमक कमी असते, त्यामुळे फ्लुओरेसन्स (प्रकाश पडल्यावर नमुना जो प्रकाश देतो तो) मोजता येतो. अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोन ते सहन करतात, पण टोल्युइन, हेक्सेन यांना नाहीत.

पीएमएमए, म्हणजे अ‍ॅक्रिलिक, कापायला सर्वांत सोयीचे. ते 105 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे 95 अंशांपर्यंत तापणाऱ्या पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीसाठी) पॉलिकार्बोनेट (सुमारे 145 अंश) बरे.

आता पीडीएमएस काचेवर बसवण्याविषयी. 30 ग्रॅम बेसमध्ये (पीडीएमएसच्या मूळ द्रवात) 3 ग्रॅम क्युरिंग एजंट (तो घट्ट करणारा घटक) घालून नीट घोटा, बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत व्हॅक्यूममध्ये ठेवा, साच्यावर ओता आणि 70 अंशांवर किमान 2 तास भाजा. लॅटेक्सचे हातमोजे वापरू नका. त्यातल्या गंधकामुळे पीडीएमएस चिकटच राहते. थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनचा साचाही तसाच त्रास देतो. भोके वाहिनीच्या बाजूने पाडा, म्हणजे ती नेमक्या जागी येतात. नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा पंच थोडा लहान हवा: 1.6 मिमीच्या नळीला 1.2 ते 1.5.

जोडण्याआधी पृष्ठभागांना प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, देतात. गळतीचे मूळ बहुतेक वेळा या प्लाझ्मात नसून धुळीत असते. पृष्ठभागावर चिकटपट्टी लावून काढा, आयसोप्रोपॅनॉलने धुवा, पूर्ण वाळवा. मग दोन्ही भाग तोंड वर करून ऑक्सिजन प्लाझ्मात 30 ते 60 सेकंद ठेवा. जास्त वेळ दिला की जोड मजबूत होतो हा समज चुकीचा आहे. पृष्ठभागावर काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो, तो तडकतो आणि जोड उलट कच्चा राहतो. यंत्रागणिक वेळ बदलते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा: थेंब सपाट पसरला तर ठीक, गोल राहिला तर पृष्ठभाग तयार नाही. बाहेर काढल्यावर मिनिटाभरात दोन्ही भाग एकमेकांवर टेकवा. जोर लावू नका, नाहीतर उथळ आणि रुंद वाहिनीचे छत तळाला चिकटते. रुंदी उंचीच्या 10 पटींच्या पुढे गेली की हा धोका फार, तिथे आत खांब ठेवा. शेवटी 80 अंशांवर अर्धा तास. धुळीचा कण राहिला असेल तर त्याभोवती गोल, चकचकीत पोकळी दिसते. ती वाहिनीला टेकत असेल तर चिप बाजूला काढा, दाबून काही होणार नाही.

अ‍ॅक्रिलिकला उष्णता आणि दाब लागतो. लेसरने कापल्यावर कडेला बारीक उंचवटा राहतो. तो घासून सपाट केल्याशिवाय दोन पत्रे टेकतच नाहीत. लेसरचा ताणही आत राहतो आणि इथेनॉल लागताच कडेपासून भेगा धावतात. म्हणून आधी 80 अंशांवर काही तास तापवून हळूहळू थंड करा. मग सपाट काचांमध्ये धरून 100 ते 105 अंशांना दाबा. तापमान कमी पडले तर इंद्रधनुषी पट्टे दिसतात, म्हणजे तिथे हवा आहे. जास्त झाले तर वाहिनी दबते. दाब 70 अंशांखाली आल्यावरच सोडा. कमी आणि जास्त तापमानातले अंतर फार अरुंद आहे, त्यामुळे तापमान ओव्हनच्या काट्यावर न पाहता पत्र्याजवळ थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून मोजा.

पीडीएमएस प्लास्टिकवर नुसत्या प्लाझ्माने बसत नाही, कारण प्लास्टिकमध्ये सिलिकॉन नसते. प्लाझ्मा दिलेले प्लास्टिक पाण्यातल्या 1 ते 5 टक्के एपीटीईएसमध्ये (पृष्ठभागावर सिलिकॉनचा थर देणारे रसायन) 80 अंशांवर 20 मिनिटे बुडवा, धुऊन वाळवा, मग प्लाझ्मा दिलेले पीडीएमएस त्यावर ठेवा. हे काम वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात (फ्यूम हूड), हातमोजे घालूनच.

चिप वापरण्याआधी रंगीत पाणी नेहमीच्या प्रवाहाच्या दुप्पट वेगाने काही मिनिटे सोडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाहिनीच्या कडा पाहा. रंग जिथे कडेबाहेर झिरपतो, तिथला जोड कच्चा आहे.