नव्या रस्त्यावर मेट्रो-बस आणताना या चुका टाळा (ए.बी. रोडवरून शिकलेलं)

इंदूरला ए.बी. रोडवर आयबस, म्हणजे रस्त्याच्या मधल्या वेगळ्या लेनमधून धावणारी बस, २०१३ला सुरू झाली, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साधारण साडेअकरा किलोमीटर, आणि २०२५च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने ती वेगळी लेन काढायची परवानगी दिली. मी राजेंद्रनगरचा, त्या बसने खूप फिरलोय म्हणून वाईट वाटतं, पण आता सुपर कॉरिडॉर, राऊ, खंडवा रोडकडे शहर पसरतंय तिथे तरी तेच नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाइनचा नकाशा आधी काढायचा आणि माणूस स्टॉपपर्यंत येणार कसा ते नंतर बघायचं. आयबसचे स्टॉप रस्त्याच्या मधोमध, म्हणजे चढताना अर्धा रस्ता ओलांडा, उतरल्यावर परत अर्धा. आमची मावशी हातात भाजीची पिशवी घेऊन सिग्नलची वाट बघायची, चार पावलं टाकली की बाजूने स्कूटर, की परत मागे. रस्ता ४० मीटर असेल आणि म्हातारं माणूस सेकंदाला १ मीटर चालत असेल तर ४० सेकंद लागणारच, तुम्ही २० दिले तर ती मधेच अडकणार. म्हणून सिग्नलचे सेकंद ऑफिसात बसून ठरवू नका, एखाद्या आजीबरोबर स्वतः रस्ता ओलांडून मोजा, मधे उभं राहायला सुरक्षित जागा ठेवा. आणि नुसता पूल बांधून मोकळं होऊ नका, गुडघे दुखणारी माणसं जिने चढत नाहीत.

दुसरं, प्लॉट वाटताना. सुपर कॉरिडॉरवर मेट्रो ३१ मे २०२५ला सुरू झाली, सुमारे ६ किलोमीटर, ५ स्टेशन, आजूबाजूला अजून बरीच मोकळी जागा आहे. हे मला तर चांगलंच वाटतं, कारण आत्ता ठरवता येतं. पण मोठ्या प्लॉटला एक लांब भिंत आणि एकच गेट दिलं की स्टेशन गॅलरीतून दिसतं आणि पोचायला भलामोठा वळसा पडतो. आतून पायवाट हवी असेल तर लेआउट पास करतानाच लिहून घ्या, नंतर कुठलीच सोसायटी भिंत तोडू देत नाही. स्टेशनपासून ५०० ते ८०० मीटरमध्ये छोटी घरं, दुकानं, दवाखाना पाहिजेच, नुसती ऑफिसं आली तर संध्याकाळी सातनंतर सगळं सामसूम आणि बायका-मुली तिथून यायला घाबरतात.

एफएआर (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढवून द्यायचा आणि पार्किंग मात्र जुन्याच हिशोबाने मागायचं, हेही बंद करा, गाडीला जागा दिली की गाडी येतेच.

जुन्या वस्त्या पाडताना तळमजल्याचा किराणावाला, इस्त्रीवाला, चहाचा ठेला यांना त्याच जागी परत यायची सोय आधी कागदावर करा, त्यांच्यामुळेच रस्ता रात्रीपर्यंत जागा असतो.

आणि लाइन मधेच तोडू नका. आयबस राजीव गांधी चौराह्याला संपली, घरं मात्र पुढे राऊपर्यंत वाढत गेली. तिथवर लाइन लगेच नेता येत नसेल तर निदान शेवटच्या स्टॉपच्या दारातच ई-रिक्षाचा स्टँड द्या, पावसात भिजत शोधायला लागणार नाही असा.