मुलाची लांबची सहल: बस सुटायच्या आधी काय करायचं, सुटल्यावर काय नाही

सहलीची चिठ्ठी शाळेतून घरी आली की घरात दोन तट पडतात. मुलाची बॅग त्याच रात्री अर्धी भरलेली असते आणि आईच्या डोक्यात घाटाची वळणं सुरू झालेली असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शाळांच्या सहली जवळ नसतातच: विजापूर दोनशे किलोमीटर, हंपी पावणेतीनशेच्या आसपास, मैसूर तर साडेपाचशेच्या पुढे, म्हणजे थांबत-थांबत बसने बारा ते चौदा तास. काळजी वाटणारच. पण काही काळजी विचारून मिटते, काही बॅगेत भरून मिटते, आणि उरलेली मिटत नाही, ती फक्त सांभाळायची असते. या तिन्हींची सरमिसळ झाली की पालक सरांना दिवसाला दहा फोन करतात आणि इनहेलर मात्र घरी कपाटातच राहतो.

पैसे भरायच्या आधी विचारायचं

एकदा गाडीची आगाऊ रक्कम गेली की शाळेला मागे फिरता येत नाही. म्हणून प्रश्न चिठ्ठी आल्याच्या आठवड्यातच विचारावेत, आणि चार पालकांनी मिळून एकदाच.

पहिला प्रश्न गाडीचा. परिवहनची लाल गाडी कराराने घेतली आहे की खासगी? खासगी असेल तर पाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायची परवानगी नसते आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाकून फिटनेस, विमा आणि परमिटच्या तारखा दोन मिनिटांत दिसतात. शाळेला नंबर बऱ्याचदा आदल्या दिवशीच कळतो, तेव्हा "नंबर कळला की ग्रुपवर टाका सर" एवढं आधीच सांगून ठेवावं. गोवा किंवा महाराष्ट्रात जाणाऱ्या गाडीला त्या राज्यात चालणारं परमिट आहे का, हेही तेव्हाच पाहावं.

दुसरा प्रश्न ड्रायव्हरचा. कायद्याने ड्रायव्हरच्या कामाची मर्यादा दिवसाला आठ तासांची आहे. मैसूरचा पल्ला एकट्या माणसाने एका दमात मारणं त्यात बसत नाही, म्हणून दोन ड्रायव्हर हवेत किंवा वाटेत मुक्काम हवा. "रात्रीत पोचू, एक दिवस वाचेल" हा बेत सहलीतला सगळ्यात महाग बेत. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात माणसाचं शरीर झोप मागतंच, चहाने ती पुढे ढकलली जाते, जात नाही. दिवसभर मुलांबरोबर हिंडलेल्या ड्रायव्हरने त्याच रात्री गाडी काढायची असेल, तर हेडसरांकडे बोलण्याचा मुद्दा तोच. बाकीचे मुद्दे सोडले तरी चालतील.

गटशिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे बीईओ ऑफिसची परवानगी घेतली आहे का, हेही विचारावं. यात शाळेवर अविश्वास नाही. परवानगीच्या अर्जाला मुलांची यादी, मुक्कामाचं ठिकाण, गाडीचे कागद जोडावे लागले की ते सगळं एकदा कागदावर येतं. न विचारलेल्या गोष्टी ऐन वेळी ठरतात.

पाणी

याला वेगळी जागा द्यायला हवी. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातून आलेल्या शाळेच्या सहलीतल्या चार मुली गेल्या. आई-वडील घाटाला भितात, पण सहलीत जास्त जपायची जागा म्हणजे किनारा, नदीचा घाट आणि धबधब्याखालचा डोह.

आपल्याकडची मुलं विहिरीत, मलप्रभेत, घटप्रभेच्या डोहात पोहायला शिकलेली असतात आणि त्याचाच घात होतो. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्रात परत जाणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते, गुडघाभर पाण्यातला मुलगा बसतो, पुढची लाट डोक्यावरून जाते. किनाऱ्यावर कुठेकुठे पाण्याचा पट्टा सरळ आत ओढतो. त्याच्या विरुद्ध पोहणारा पट्टीचा पोहणाराही दमतो. हंपीला तुंगभद्रेचे खडक गुळगुळीत आहेत आणि त्यांच्यामधून पाणी जोराने जातं. म्हणून "गुडघाभर पाण्यातच सोडू" हे उत्तर मान्य करू नये. संमतीपत्रावर आपल्या हाताने लिहावं: समुद्र, नदी, धबधबा यांत उतरण्यास परवानगी नाही. मुलालाही कारणासकट सांगावं. नुसतं "पाण्यात जाऊ नको" हे वाक्य किनाऱ्यावर मित्रांनी हाक मारली की विरतं. "लाट परत जाते तेव्हा ओढते" हे लक्षात राहतं.

सीमाभागाची म्हणून एक गोष्ट

सहल पन्हाळा, प्रतापगड, रायगडाकडे असेल तर तारीख पाहावी. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास, आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा, आंदोलनं होतात. वातावरण तापलं की निपाणीजवळ सीमेवर किंवा हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ गाड्या अडकतात. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीला वाहनांवर दगडफेक झाली होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या थांबल्या होत्या. मुलांना कुणी हात लावत नाही, पण बस चार-पाच तास रस्त्यात उभी राहिली तर पाणी, खाणं आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न येतो. शाळेने एक दिवस हातचा ठेवला आहे का आणि पर्यायी रस्ता कोणता, हे विचारून ठेवावं. शक्य तर तो आठवडाच टाळावा.

संमतीपत्र आणि आजाराची चिठ्ठी

संमतीपत्रावर नुसती सही करून देणं ही सगळ्यात सामान्य चूक. त्यावर तीन फोन नंबर लिहा आणि तिसरा घराबाहेरच्या माणसाचा असू द्या: मामा, काका, शेजारी. आई-वडील दोघांचेही फोन एकाच वेळी बंद असण्याचे प्रसंग येतात, विशेषतः खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांत, जिथे रेंज टेकडीवर जाऊन शोधावी लागते.

दमा, फिट, साखर, कशाची ॲलर्जी, झोपेत चालणं, अंथरुणात शू होणं, हे लपवायचं नाही. पण चारचौघांतही सांगायचं नाही. वर्गशिक्षकांना बंद पाकिटात अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी: काय होतं, आधी कोणती लक्षणं दिसतात, कोणतं औषध किती वाजता, डॉक्टरांचा नंबर. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलासाठी एक ओळ पुरते: "झोपण्यापूर्वी आणि रात्री बाराला एकदा उठवा, सकाळी सगळ्यांच्या आधी हाक मारा." ही ओळ नसल्यामुळे मुलं तीन रात्री जागून काढतात.

मुलींच्या पालकांनी पाचवीनंतर पाळी सुरू झालेली असो वा नसो, चार-सहा पॅड, एक गडद पँट आणि कागदी पिशव्या द्याव्यात. प्रवासात तारीख पुढे-मागे होते, पहिली पाळीही सहलीतच येऊ शकते. सोबत बाईशिक्षिका मुक्कामाला आहेत का, हे विचारायला संकोच नको.

बॅग

दोन बॅगा हव्यात आणि त्यांतला फरक मुलाला पाठ हवा. मोठी डिकीत जाते, मुक्कामापर्यंत उघडत नाही. छोटी अंगावर राहते. औषध, पाणी, स्वेटर, पैसे, ओळखपत्र हे छोटीत. इनहेलर मोठ्या बॅगेत गेला तर तो नसल्यासारखाच.

मोठी बॅग मुलानेच भरावी, आईने शेजारी बसावं. आईने भरलेल्या बॅगेत टॉवेल असूनही मुलाला सापडत नाही. एकेका दिवसाचे कपडे एकेका पिशवीत, आणि ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी. चप्पल-बूट जुनेच द्यावेत. मैसूरच्या राजवाड्यात पादत्राणं बाहेर काढावी लागतात आणि चाळीस सारख्या काळ्या बुटांत आपला जोड शोधताना मूल मागे पडतं. आतल्या बाजूला नाव लिहा.

गाडी लागणाऱ्या मुलासाठी गोळी डॉक्टरांना वय आणि वजन सांगून घ्यावी आणि निघण्याच्या तासभर आधी द्यावी. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून आधी एखाद्या रविवारी घरी देऊन बघावी. जागा पुढच्या बाजूला मागावी, कारण मागचा बाक वळणावर जास्त फेकला जातो. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. वाटेत मोबाइलवर खेळणं बंद.

ओआरएसची दोन पाकिटं द्यावीत आणि त्यावर पेनाने लिहावं: पूर्ण पाकीट, एक लिटर पाणी. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर ते दाट होऊन जुलाब वाढवतं. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, त्यांचं माप वेगळं.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी पहिल्या दिवसाला उत्तम. चिरमुऱ्याचा चिवडा, लाडू शेवटपर्यंत टिकतात. कुंदा देऊ नका, उन्हात तापलेल्या बसमध्ये खव्याचा पदार्थ आंबतो आणि तो एक डबा पाच जणांचं पोट बिघडवतो. बदामी आणि हंपीला खाऊ हातात धरून चालायचं नाही, माकडं पिशवीच ओढतात, आणि मूल सोडत नाही तेव्हा चावतात. माकड चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. ओरखडा आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

पैसे तीनशे ते पाचशे, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, दोन ठिकाणी ठेवून.

हरवलं तर

वृंदावन गार्डनला संध्याकाळी कारंजी संपली की सगळी गर्दी एकदम दाराकडे सुटते. गोल घुमटात अरुंद जिने चढून सज्जात गेलेली मुलं आवाज घुमवण्यात रमतात आणि खाली वर्ग निघून जातो. मूल हरवतं ते अशा वेळी, रस्त्यावर नाही.

गळ्यातल्या कार्डावर बाहेरून शाळेचं नाव आणि सरांचे दोन नंबर असावेत, मुलाचं नाव आणि घरचे नंबर आतल्या बाजूला. नाव बाहेर दिसलं की कुणीही नावाने हाक मारू शकतो. कार्ड कन्नड, मराठी आणि इंग्रजीत करावं. आपल्या मुलांना शाळेपुरतं कन्नड येतं, पण घाबरल्यावर तेही सुचत नाही आणि मैसूरकडचं बोलणं कानाला वेगळं लागतं. दोन वाक्यं मोठ्याने पाठ करून घ्यावीत: "नानु दारी तप्पिद्देने" (मी वाट चुकलोय) आणि "नम्म टीचरिगे फोन माडी" (आमच्या टीचरना फोन करा). हरवलं की हिंडायचं नाही, जिथे आहे तिथेच थांबायचं, आणि गणवेशातल्या सुरक्षारक्षकाला किंवा लेकरं बरोबर असलेल्या बाईला सांगायचं. ११२ आणि १०९८ हे दोन नंबर फुकट लागतात.

मोजणीची पद्धत शाळेला विचारावी. "सगळे आले का?" याला "हो" असंच उत्तर येतं. हजेरीत मित्र मित्राचा "हजर" देतो. प्रत्येकाला क्रमांक आणि ठरलेली जागा, प्रत्येक वेळी गाडीत बसल्यावर एक ते शेवटपर्यंत मोजणी, आणि सरांनी जागा डोळ्यांनी बघणं, यालाच मोजणी म्हणायचं.

बस सुटल्यावर

आता पालकांची पाळी. पन्नास घरांतून एका सरांना दोन-दोन फोन गेले की दुपारपर्यंत त्यांची बॅटरी संपते, आणि खरंच गरज पडेल तेव्हा फोन लागत नाही. एक पालक नेमावा. सर फक्त त्यांना दिवसातून तीनदा कळवतील: सकाळी निघताना, दुपारी जेवल्यावर, मुक्कामी मोजणी झाल्यावर. ते ग्रुपवर टाकतील आणि ग्रुपवर बाकी कुणी लिहिणार नाही. सुप्रभातची चित्रंही नाहीत.

लाइव्ह लोकेशन मागू नका. व्हॉट्सॲपवर ते जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि बॅटरी खातं. घाटात रेंज गेली की टिंब एका वळणावर थांबतं, बस मात्र पुढे गेलेली असते. त्या थांबलेल्या टिंबाने घरातल्या आजीला किती वेळ धाप लागते, ते वेगळं सांगायला नको.

मुलाशी बोलायचंच असेल तर सकाळी बोला. रात्री दमलेलं मूल आईचा आवाज ऐकून रडतं, फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मित्रांत मिसळतं, आणि आई रात्रभर जागी राहते. "आठवण येते काय रे?" हा प्रश्न विचारू नये. "जेवायला काय होतं?" विचारावं, आवाजावरून सगळं कळतं. "वाईट वाटलं तर लगेच न्यायला येतो" असं वचन तर अजिबात देऊ नये. मग मूल मैसुरात राजवाडा बघत नाही, वडिलांची वाट बघतं.

रात्रीत भीती वाटली तर एक कागद घ्या, भीती लिहा आणि पुढे लिहा: यावर आत्ता मी काय करू शकतो? उत्तर "काही नाही" आलं तर कागद घडी घालून ठेवा आणि बातम्यांचं चॅनल बंद करा. उत्तर आलं, उदाहरणार्थ "गोळीची आठवण करून देणं", तर ठरलेल्या पालकाला एक मेसेज करा, तेवढंच.

परतीची रात्र

परतीची वेळ शाळा नऊ सांगते, बस बाराला येते. शेवटच्या दिवशी खरेदीला वेळ जातो, वाटेत जेवण लांबतं. गेटवर तीन तास उभं राहण्यापेक्षा खूण ठरवून घ्यावी: हुबळीकडून येताना "धारवाड सोडलं" हा मेसेज आला की दीड तास धरायचा, कोल्हापूरकडून "निपाणी सोडली" की साधारण तेवढाच. खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतल्या पालकांनी रात्रीची सोय आधीच करावी. वस्तीची गाडी तोवर गेलेली असते आणि पेंगणाऱ्या मुलाला दुचाकीवर मागे बसवून जंगलातून न्यायचं नाही. शाळेजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम किंवा चौघांनी मिळून एक टेम्पो.

घरी आल्यावर गरम पाणी, आमटी-भात आणि झोप. प्रश्न दुसऱ्या दिवशी. ओल्या कपड्यांची पिशवी मात्र त्याच रात्री उघडा. पुढच्या आठवड्यात ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना सहलीची ठिकाणं आणि कुठलं पाणी प्यायलं ते सांगा, आणि वर्गातल्या आणखी कुणाला तसंच होतंय का, ते ग्रुपवर विचारा.