तंबोऱ्यातला गंधार आणि एम. ए.चा प्रवेश

गाण्याची विशारद परीक्षा झाल्यावर मी एम. ए.ला संगीतशास्त्र घेतलं, तेव्हा सांगलीत आत्यानं पहिला प्रश्न टाकला, "म्हणजे गाणं सोडलंस का गं?" सोडलं नव्हतं, पण पहिल्या सहामाहीत मलाही तसंच वाटत होतं. रियाज वीस मिनिटांवर आला होता आणि रात्री टेबलावर शार्ङ्गदेव. त्याचा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या पदरी लिहिलेला, अध्याय सात, एवढं विशारदला पाठ होतं. विद्यापीठात एवढ्यावर भागत नाही, हे पहिल्या निबंधात कळलं. 'प्राचीन काळापासून आपण याच बावीस श्रुती (सप्तकातल्या स्वरांच्या बारीक जागा) गात आलो आहोत' असं मी ऐटीत लिहिलं होतं. समासात लाल शाईत एकच शब्द आला: कशावरून?

या विषयाला येणाऱ्यानं हा शब्द अंगवळणी पाडून घ्यावा, बाकी पुढे शिकता येतं.

मला तो मिरजेत उमगला. सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी लावणं, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करणं, चाललं होतं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सूत असतं. कारागीर ते केसभर सरकवत होते आणि मध्येच एका जागी खर्ज, म्हणजे खालच्या सा-ची तार, नुसता वाजायचा थांबून बोलायला लागला. त्यातून गंधार स्वच्छ निघत होता. गंधाराची तारच नाही, तरी गंधार! घरी येऊन हिशेब मांडला. मधला सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर खर्ज १२०. तारेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट असे पटीतले स्वरही निघतात. पाचपट ६००, तोच हा गंधार. पेटी (हार्मोनियम) याच सा-ला असली तरी तिचे बारा स्वर सारख्या अंतरानं लावलेले, म्हणून तिच्यावर त्याच जागेचा गंधार पडतो ६०४.८ वर. दोन्ही एकदम धरले की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे बसतात. गणित घाबरवत असेल तर एवढंच आहे, दहावीचं पुरतं.

आता गंमत अशी की स्वरांच्या नेमक्या जागांचं हे भांडण आमच्याच गावचं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ('शारदा'कार देवलांचे भाऊ) यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं पुढे ठेवून श्रुती मोजल्या आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले, श्रुतींची पेटीही घडली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना हे पटलं नाही. दोन्ही बाजू वाचताना माझ्या निबंधावरची लाल शाई आठवली. मोजमापातून कळतं ते १९१० च्या आसपास एक थोर गवई कसा गात होता ते. प्राचीन 'नाट्यशास्त्रा'च्या भरतानं दोन वीणा घेऊन, एक ठेवून दुसरी उतरवत श्रुती समजावल्या. आकडे दिलेच नाहीत. मधल्या शतकांवर उडी मारायची तर पूल कुठला, ते दाखवावं लागतं.

ध्वनिमुद्रिकांचंही तसंच. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची. ती ऐकून 'जुने लोक आलाप थोडका करायचे' असं लिहू नका. मी लिहिलं होतं.

वाचायला सुरुवात भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीतपद्धती'पासून करा. चार भाग आहेत, मूळ मराठीतच, गुरुशिष्यांच्या गप्पांसारखे. मध्ये मध्ये चांगले चिमटेही आहेत. भातखंडे आणि पलुसकर या दोन्ही स्वरलिपी वाचता आल्या पाहिजेत. संस्कृत शाळेपुरतं असलं तरी चालतं, इंग्रजी मात्र रोज लागतं.

प्रवेशाचं एक सांगते. विशारद परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच, त्यामुळे आपल्याकडे घरटी एखादा विशारद सापडतो. ती परीक्षा पदवीच्या जागी धरतात का, हे प्रत्येक विद्यापीठाला लेखी विचारा. मला एका ठिकाणी खिडकीवर "चालेल" म्हणाले आणि फी भरायच्या दिवशी "चालत नाही". वर्ष जायचं, बी. ए. होतं म्हणून वाचलं.

नोकऱ्या थोड्या आहेत. नेट परीक्षा काढून प्राध्यापकी, शाळा, आकाशवाणीवर हंगामी काम, कुणाचा ध्वनिसंग्रह लावून देणं. माझ्याबरोबरचे बहुतेक शिकवण्या घेतात, मीही घेते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि मिरजेत जाल तर वही न्या. मुलाखत घेतली की त्याच रात्री तारीख, जागा आणि माणसाची परवानगी टिपून ठेवा. जवारीवरचं माझं सगळ्यात चांगलं ध्वनिमुद्रण मोबाइलमध्ये नुसतं 'नवीन १४' नावानं पडलं होतं. आवाज दोघांचे, त्यातला बोलणारा कोण ते वर्षानं मलाच सांगता येईना. प्रबंधातली ती दोन पानं काढून टाकावी लागली.