उद्दिष्टानुसार ताकदीचा व्यायाम कसा निवडावा

व्यायामाचा तक्ता हाती घेण्यापूर्वी ताकद नेमकी कशासाठी हवी आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी, अंग भरावे म्हणून, की सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचताना कंबर धरू नये म्हणून, यावर पुढचे सारे ठरते. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत आता जिम झाल्या आहेत आणि तिथे बहुधा सोमवारी छाती, मंगळवारी पाठ असा सहा दिवसांचा क्रम सांगितला जातो. नवख्याला, विशेषतः दिवसभर शेतात राबणाऱ्याला, त्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस संपूर्ण शरीराचा व्यायाम अधिक मानवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण कामाच्या गर्दीत एखादा दिवस बुडाला तरी कोणताही स्नायू आठवडाभर व्यायामावाचून राहत नाही.

भरतीच्या पुरुष उमेदवारांना धावण्याबरोबर ७.२६० किलोचा गोळा फेकावा लागतो. त्यासाठी जड वजनाच्या बैठका आणि डोक्यावर वजन उचलणे, प्रत्येक फेरीत तीन ते सहा वेळा, मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती घेऊन करावे. मात्र आधी हलक्या वजनावर पद्धत पक्की करावी आणि पायांच्या जड व्यायामाचा दिवस वेगाने धावण्याच्या सरावापासून दूर ठेवावा. स्नायूंचा आकार वाढवायचा असेल, तर सहा ते बारा वेळा, शेवटच्या एक-दोन वेळा कष्टाने निघतील इतके वजन घ्यावे.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही व्यायामसंस्था १९१४ सालची, म्हणजे आपल्याकडे व्यायामाची परंपरा जुनी आहे. जोर-बैठका आपल्याला नव्या नाहीत आणि त्या आजही उत्तम आहेत. परंतु पन्नासाचे शंभर जोर झाले, की मुख्यतः दम वाढतो, ताकद फारशी वाढत नाही, कारण भार तोच राहतो. तेव्हा पाय ओट्यावर ठेवून जोर काढावेत किंवा पाठीवर वजन घ्यावे.

कंबरेसाठी जिमची गरज नाही. पिण्याच्या पाण्याची २० लिटरची कॅन घ्यावी. फवारणीच्या औषधाची रिकामी कॅन कदापि घेऊ नये. पिण्याच्या पाण्याच्या कॅनमध्ये आठ-दहा लिटर पाणी भरून ती दोन्ही पायांच्या मध्ये ठेवावी, गुडघे किंचित वाकवून नितंब मागे न्यावेत, पाठ सरळ ठेवून कॅन धरावी आणि टाचांवर जोर देत उभे राहावे. आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या पुरेत. हे सहज जमू लागले, की एक लिटर पाणी वाढवावे; एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वाढ नेमकी मोजता येते. सोंगणीच्या दिवसांत मात्र फेऱ्या निम्म्या कराव्यात. वाकताना कळ पायात उतरत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

स्नायू वाढवणाऱ्याने दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळपास ९६ ग्रॅम. नुसत्या वरणावर ती भागत नाहीत. अंडी, दही, हरभरा आणि घरचेच सोयाबीन, तेही नीट शिजवून, जोडीला हवे.

पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक (आजार नसला तरी त्याचे जनुक अंगात असलेले) बरेच आढळतात. तिथल्या तरुणांनी जड सराव सुरू करण्यापूर्वी रक्ताची तपासणी अवश्य करून घ्यावी. रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा सराव करू नये, आणि वाहकानेही उन्हात, पाणी न पिता, विश्रांतीवाचून सलग जोर लावणे टाळावे. मे महिन्यात व्यायाम पहाटेच उरकावा.