आधी परात मोजा, मग रंग निवडा

माझं स्वयंपाकघर ८ फूट बाय साडेनऊ फूट. चिंचवडला, दुसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला आणि एका बाजूला ड्राय बाल्कनी. दिवाळीत मी फराळाच्या ऑर्डरी घेते. तेव्हा एवढ्याशा जागेत मी, सून, मदतीला येणाऱ्या मावशी आणि चकलीचा सोऱ्या असे चौघं नांदतो. हे स्वयंपाकघर मी दोनदा केलं. पहिल्यांदा २०११ साली कॅटलॉग बघून, दुसऱ्यांदा २०२३ साली कंबर बघून.

पहिल्या वेळी मी सुरुवातच रंगापासून केली. भडक नारिंगी, चकचकीत शटर्स. दोन महिने कौतुक झालं, मग वाटायला लागलं आपण कुरिअरच्या ऑफिसात पोळ्या लाटतोय. तेही चाललं असतं. पण सहाव्या पावसाळ्यात सिंकखालचं कपाट चहात बुडवलेल्या खारीसारखं फुगलं. आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा भुसा होता, आणि मी ते विचारलंच नव्हतं. म्हणून आता स्वयंपाकघर कसं करायचं असं कुणी विचारलं की मी उलट्या क्रमाने सांगते: आधी तुमचं अंग आणि तुमची भांडी, मग मांडणी, मग साहित्य आणि सगळ्यात शेवटी रंग.

पहिलं काम फुकटचं आहे. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि चार दिवस नेहमीसारखा स्वयंपाक करताना जिथे अडायला होतं ते लिहून ठेवा. माझ्या कागदावर 'चिरायला जागा नाही' हे अकरा वेळा आलं. सिंक आणि शेगडी यांच्या मधे मला १४ इंच जागा होती आणि सगळी भाजी, सगळी कणीक, सगळी फोडणीची तयारी मी तेवढ्यात करत होते. शेगडीच्या पलीकडे ४ फूट ओटा रिकामा, पण तिथे जायचं तर गरम कढईवरून हात न्यायचा. आता सिंक आणि शेगडी यांच्यात सलग ३ फूट आहेत. मांडणीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. निदान अडीच फूट तरी हवेच.

मग टेप घ्या. ओट्याची उंची बिल्डर ठरवतो आणि त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. मी ४ फूट ११ इंच. चपला घालून ताठ उभं राहून कोपर दुमडलं तर कोपर जमिनीपासून ३७ इंचांवर येतं. चिरायला, लाटायला ओटा कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली हवा. जुना ओटा ३४ इंच होता, म्हणजे तसा फार उंच नाही असं वाटेल. पण त्यावर शेगडी ५ इंच, त्यावर कढई ४ इंच. झाले ४३! भाकरी थापायला नाही, पण चिवडा परतायला मी बारा वर्षं खांदे वर करून उभी होते. नव्या ओट्याला कामाची जागा ३२ इंच आणि शेगडीची जागा त्याहून ३ इंच खाली घेतली. ओट्यात बसवायचा हॉब घेतलात तर ही भानगड उरत नाही. मी शेगडीच ठेवली, कारण दूध उतू गेलं की मला ती उचलून खालून पुसता आली पाहिजे.

सून ५ फूट ६ इंच आहे. तिला माझ्या ओट्यावर वाकावं लागतं. आमचा ओटा इंग्रजी एल आकाराचा, म्हणून त्याच्या दुसऱ्या, आखूड बाजूची उंची ३५ इंच केली. मिक्सर, चहा, मायक्रोवेव्ह आणि तिचं चिरणं तिथे. गवंडी म्हणाला, "ताई, लेव्हल एक नको का?" नको. घरात माणसं एका लेव्हलची नाहीत.

एल आकार आम्हाला जमला कारण खोली जवळजवळ चौकोनी आहे आणि दोघींना एकमेकींच्या मागून जाता येतं. लांबट, अरुंद खोलीत समोरासमोर दोन ओटे चांगले, पण मधे साडेतीन ते चार फूट मोकळे राहणार असतील तरच. नाहीतर खालची ट्रॉली उघडली की दुसऱ्याने बाहेर जायचं. मधोमध वेगळा ओटा चित्रात छान दिसतो. माझ्याएवढ्या खोलीत त्याला फक्त कमरा आपटतील.

सिंक खिडकीपाशी घ्या, शेगडी नाही. वाऱ्याने ज्योत फडफडते, कधी विझते आणि गॅस तसाच चालू राहतो. सासूबाईंना पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक हवा होता, आणि पूर्वेलाच खिडकी. शेवटी शेगडी त्याच भिंतीला पण खिडकीपासून ३ फूट बाजूला घेतली. दोघींचंही समाधान झालं. फ्रिज दाराशी, म्हणजे पाणी प्यायला येणारी मुलं स्वयंपाकाच्या मधे येत नाहीत. गॅस सिलिंडरचा असेल तर त्याच्या कपाटाला तळाशी हवेची भोकं हवीत, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, वर चढणारा. तिथे झरोका वर लागतो. आमच्याकडे मधल्या काळात सिलिंडर जाऊन पाइप आला, म्हणून मी दोन्हीकडे जाळ्या ठेवून घेतल्या.

आता साहित्य. यात माझं मत ठाम आहे, कुणाला जुनाट वाटलं तरी चालेल. ओट्याखालची हाडं दगडाची असावीत. आपल्याकडे पूर्वीपासून कडप्प्याचे उभे आणि आडवे दगड लावून खण करतात, त्यात ट्रॉल्या बसवतात आणि फक्त दर्शनी शटर लाकडाचं असतं. त्या दगडाला पाण्याचं भय नाही, वाळवीचं नाही. तोटे आहेत. खण अगदी काटकोनात येत नाहीत, म्हणून ट्रॉलीचं माप दगड बसल्यावर, प्रत्येक खणाचं वेगळं घ्यायचं. दगडाची जाडी जागाही खाते. पण कडप्पा ओट्याच्या वर नको. तो चुनखडीचा दगड. लिंबू, कोकम, चिंच सांडली की पांढुरका डाग पडतो तो पुसून जात नाही. संगमरवराचंही तेच.

पूर्ण मॉड्युलर करायचं असेल तर निदान सिंकखालचा आणि त्याच्या शेजारचा खण आय एस ७१० छापाच्या मरीन प्लायचा घ्या. या ग्रेडच्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते. छाप प्रत्येक शीटवर असतो. शीट कापायच्या आधी बघा, नंतर तुकड्यावर काय दिसणार! नुसतं "वॉटरप्रूफ आहे ताई" हे वाक्य मी २०११ सालीही ऐकलं होतं. आणि कापलेल्या प्रत्येक कडेला, मागच्या न दिसणाऱ्या कडेलासुद्धा, पट्टी लागली आहे ना हे बोट फिरवून बघा. पाणी तिथूनच शिरतं.

ओट्याच्या वर ग्रॅनाइट. शेजारणीने पांढराशुभ्र क्वार्ट्झ घेतला, दिसतो देखणा. पण त्यात दगडाचा चुरा राळेने बांधलेला असतो. तिने गडबडीत तापलेली कढई उतरवून ठेवली आणि पिवळं कडं कायमचं उमटलं. ज्यांच्याकडे रोज तळण नाही, ज्यांना खाली काहीतरी ठेवायची सवय आहे त्यांनी खुशाल घ्यावा. ग्रॅनाइटमध्ये काळा कुळकुळीत मला आवडायचा, पण आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं आणि काळ्यावर त्याचे पांढरे ओघळ दिवसभर दिसतात. म्हणून बारीक ठिपक्यांचा राखाडी घेतला. त्यावर पीठही दिसत नाही, पाणीही नाही. (धूळही दिसत नाही, हे सासूबाईंनी लगेच सांगितलं.) दुकानात दोन परीक्षा करा. दगडावर पाण्याचे थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा. खाली गडद डाग दिसला तर तो दगड तेलही पिणार. आणि काळा घेत असाल तर पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. फडकं काळं झालं तर तो दगड रंगवलेला आहे.

बसवताना गवंड्यापाशी उभं राहून तीन गोष्टी करून घ्या: ओट्याला सिंककडे अगदी किंचित उतार, पुढच्या कडेच्या खालून एक बारीक चर म्हणजे पाणी शटरवर ओघळत नाही, आणि खाली पायाची बोटं आत जातील अशी ३-४ इंच खोल जागा. ही शेवटची नसेल तर तुम्ही ओट्यापासून लांब उभ्या राहता आणि पाठ वाकते.

ट्रॉल्या ठरवताना भांडी सुताराच्या पुढ्यात ठेवा. माझी परात १८ इंचांची, मोदकपात्र उंच, आणि पुरणाचं पातेलं तर कुठल्याच ठरावीक मापात बसत नव्हतं. पहिल्या वेळी परात बारा वर्षं माळ्यावर राहिली. ट्रॉलीचं स्टील ३०४ ग्रेडचं मागा आणि बिलावर लिहून घ्या. लोहचुंबक लावून बघायचा सल्ला सगळे देतात, पण २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि गंज मात्र लवकर धरतो. कोपऱ्यासाठी फिरत बाहेर येणारी महागडी यंत्रणा मी नाकारली. तिथे दगडी फळी आहे आणि तिच्यावर वर्षातून दोनदा लागणारी भांडी.

सिंक मोठं आणि खोल, २४ बाय १८ इंच, ९ इंच खोल. कुकर आडवा मावला पाहिजे. फराळाची मोठी पातेली मावशी ड्राय बाल्कनीत घासतात, तिथे वेगळा नळ आणि कडप्प्याची मोरी केली.

चिमणीबद्दल थोडक्यात. बर्नरपासून २६ ते ३० इंचांवर, पाइप ६ इंचांचा, वळणं कमीत कमी आणि तोंड थेट बाहेर. माझी पहिली चिमणी ड्राय बाल्कनीत उघडायची. वाळत घातलेल्या शाळेच्या युनिफॉर्मला बोंबलाचा वास.

विजेचे पॉइंट टाइल्सच्या आधी ठरतात, म्हणून उपकरणांची यादी त्याआधी करा. इंडक्शन २००० वॅटचं असेल तर ते जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. ६ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर ते चालवायचं नाही. इंडक्शन, मायक्रोवेव्ह, ओव्हन यांना १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट. ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर तुमचीच सावली विळीवर पडते, तेव्हा वरच्या कपाटाच्या खाली एलईडी पट्टी लावा. तीही ४००० केल्व्हिनची, म्हणजे उजेड ना पिवळा ना निळसर. हॉटेलसारख्या पिवळ्या उजेडात डाळीत हळद पडली की नाही तेच कळत नाही.

आता रंग. सुनेने एकदा फोनवर फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर दाखवलं. ते १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी रेल्वेच्या डायनिंग कारचा मुदपाकखाना पाहून आखलं. सव्वासहा फूट बाय अकरा फूट, आणि तसली सुमारे १०,००० बांधली गेली. शटर्स निळसर हिरवी, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती. माश्यांचं मला माहीत नाही, पण रंगाला काही काम असावं ही गोष्ट मला पटली. आपल्याकडे रंगाचं काम हळद, तेल आणि कणकेचे हात सोसायचं.

म्हणून नमुने घरी आणा. दुकानात ते आडवे, झगझगीत दिव्यांखाली बघतो. घरी भिंतीला उभे टेकवून संध्याकाळी सात वाजता स्वतःच्या दिव्यात बघा. मग त्यांवर हळद कालवलेलं तेल चोळून रात्रभर ठेवा आणि सकाळी साध्या साबणाने पुसा. माझ्या सहा नमुन्यांपैकी दोन तिथेच बाद झाले. मखमली मॅट गडद निळ्यावर तेलकट बोटांचे ठसे हटेनात, आणि दुधी पांढऱ्यावर पिवळी झाक राहिली. (हळदीचा डाग उन्हात फिका होतो म्हणा, पण शटर काढून गच्चीत कोण वाळवणार?) शेवटी खाली मेंदीसारखा मध्यम हिरवा, वर सायीचा रंग, दोन्ही साधं १ मिलिमीटर लॅमिनेट. खिडकी एकच असल्याने वर गडद घेतलं असतं तर दुपारीच दिवे लावावे लागले असते. शेगडीमागे २ बाय ४ फुटांच्या मोठ्या टाइल्स, कारण सांधे कमी, आणि सांध्यात इपॉक्सी भरलं, तेही राखाडी. पांढऱ्या सांध्यांचं काय होतं ते मी बारा वर्षं जुना टूथब्रश घेऊन बघितलंय.

कोटेशन घेताना भाव रनिंग फुटाचा की स्क्वेअर फुटाचा, आणि त्यात बिजागऱ्या, चॅनेल (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्या), हँडल धरलेत का हे लिहून मागा. दोन कोटेशनची तुलना त्याशिवाय होत नाही. आणि शेवटचा हप्ता काम संपल्या दिवशी देऊ नका. सगळ्या ट्रॉल्या खऱ्या भांड्यांनी भरा, आठवडाभर स्वयंपाक करा, मग द्या. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी ताटांची ट्रॉली अर्ध्यात अडायला लागली. सुतार आला, सगळी ताटं काढून चॅनेल सरळ केलं, दोन स्क्रू बदलले. मग चहा घेतला, मुठीएवढा चिवडा खाल्ला आणि पैसे घेऊन गेला.